सहज सरकणारे खण

चौदावी पाल आली तेव्हा घरात काचेच्या पेट्या ठेवायला जागा उरली नाही. तोवर त्या जमेल तिथे होत्या. काही हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटावर, काही फ्रिजशेजारी, एक तर माझ्या पलंगाच्या उशाशी. मग मी मागची लहान खोली रिकामी करून तिथे रॅक उभा केला.

रॅक म्हणजे फार मोठं काही नव्हे. एकावर एक फळ्या, आणि प्रत्येक फळीवर खणासारखे आत-बाहेर होणारे प्लास्टिकचे टब. टबांना झाकण नसतं, वरची फळी हेच झाकण. मागच्या बाजूने एक गरम होणारी वायर जाते, ती थर्मोस्टॅटला जोडलेली असते. त्यामुळे टबाची मागची बाजू उबदार राहते आणि पुढची गार. ज्याला ऊब हवी तो मागे जातो, नको झाली की पुढे येतो. ही पद्धत परदेशात साप पाळणाऱ्या लोकांनी काढली. एका भिंतीत पन्नास साप राहतात आणि कुणाला कुणाचा पत्ता नसतो.

माझ्याकडे साप नाहीत. न्यूझीलंडमध्ये साप नाहीतच, आणि पाळायला सोडाच, प्राणिसंग्रहालयातसुद्धा आणू देत नाहीत. एमएस्सीला असताना मी मुळशीच्या बाजूला ओल्या मातीत खापरखवल्या शोधत हिंडायचे. जमिनीखाली राहणारा, बोटाएवढा जाड, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा साप. पुढे पीएचडीला क्राइस्टचर्चला आले ती पेशींवर काम करायला, कारण शिष्यवृत्ती त्यात होती. पीएचडी झाली, विद्यापीठाच्याच प्रयोगशाळेत टेक्निशियनची नोकरी मिळाली आणि मी राहिले. जिथे आपला प्राणीच नाही अशा देशात जाऊन बसणारी बाई, म्हणून माझी मैत्रीण नीता मला अजूनही हसते.

मी पाळते ते लेपर्ड गेको. मराठीत त्यांना पालच म्हणावं लागतं, पण त्या भिंतीवर चढत नाहीत. अंगावर ठिपके असतात, शेपूट जाड असतं, आणि त्यांना पापण्या असतात. डोळे मिटून झोपतात. वीस वर्षं जगतात, हे बहुतेकांना घेताना ठाऊक नसतं. मुलगा दहा वर्षांचा असताना घेतलेली पाल तो वेलिंग्टनला नोकरीला गेला तरी घरात असते, आणि मग आई-वडील ऑनलाइन जाहिरात टाकतात. पेटीसकट, फुकट, फक्त घेऊन जा. मी घेऊन यायचे. प्रत्येकीला वेगळा टब, कारण त्यांना सोबत चालत नाही. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात.

पहिला रॅक मी स्वतः बनवला होता. फळ्या दुकानातून कापून आणल्या, माप घेऊन ठोकल्या. तरी टब घट्ट बसले. ओढताना किंचाळायचे, आणि दोन्ही हात लावल्याशिवाय बाहेर येत नसत. मला त्याची सवय झाली होती.

नीता क्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागातच माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिच्या घरी गणपतीला, दिवाळीला, आणि मधे कधी मला एकटीला वरणभात खायचा कंटाळा आला असेल असं तिला वाटलं की, मी जाते. देवव्रत हा तिच्या नवऱ्याचा, गुरुदत्तचा, इंजिनिअरिंग कॉलेजातला मित्र. ऑकलंडच्या उत्तरेला, अल्बनीला राहतो. शीतगृहं बांधतो. घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा ऑस्ट्रेलियात होता. त्या वर्षी शहराबाहेर एका मोठ्या शीतगृहाचं काम चालू होतं, त्यासाठी तो महिन्यातून दोन-तीनदा क्राइस्टचर्चला यायचा. नीताने त्याला आणि मला एकाच दिवशी जेवायला बोलावलं, आणि मला आधी फोन करून दोन सूचना दिल्या.

"पालींचं पहिल्याच दिवशी काढू नकोस. आणि समोरच्याच्या प्रत्येक वाक्याला दुरुस्ती सुचवू नकोस गं, इरा. माणसं पेपर नसतात तपासायला."

दुसरी सूचना मी पाळली. पहिली पाळता आली नाही, कारण जेवताना त्याने मला सरळ विचारलं की शनिवार-रविवारी काय करता. मी सांगितलं. नीताने आमटीचं पातेलं उगाच ढवळलं. लोक अशा वेळी किळस येत नाही का म्हणून विचारतात, किंवा चावतात का, किंवा नुसते अरे वा म्हणतात. देवव्रतने हातातला घास खाली ठेवला आणि विचारलं, "थर्मोस्टॅटचा सेन्सर कुठे लावलाय? टबात की वायरवर?"

मी म्हणाले, वायरवर, फळी आणि टबाच्या मधे. तो म्हणाला, बरोबर, टबात लावला तर प्राणी त्यावर बसेल आणि तापमान चुकीचं दाखवेल. मग त्याने पुन्हा घास उचलला. मला त्या क्षणी काय वाटलं हे मी नीताला सांगितलं नाही. ती हसली असती.

पुढच्या खेपेला तो रॅक बघायला घरी आला. बूट काढले, मोजे काढले, गुडघ्यांवर बसून सगळ्यात खालच्या टबाला हात घातला. टब किंचाळला.

"हा खण आहे की किल्ल्याचा दरवाजा?" तो म्हणाला.

तोवर पाली वीसच्या वर गेल्या होत्या आणि दुसरा रॅक लागणारच होता. तो म्हणाला, मी करून देतो, आणि दोन्ही मिळून एकच करू. त्याने कागदावर आकृती काढली. नंतरच्या खेपांना तो विमानातून अ‍ॅल्युमिनियमचे कापलेले तुकडे, स्क्रू आणि कसली कसली हत्यारं घेऊन येऊ लागला. नीता म्हणाली, लोक अंगठी आणतात, हा अ‍ॅल्युमिनियम आणतोय, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. शीतगृहाचं काम संपलं, तरी तो येत राहिला. शनिवारी सकाळच्या विमानाने यायचा, गुरुदत्तकडे उतरायचा आणि दिवसभर माझ्या मागच्या खोलीत काम करायचा. मी चहा द्यायचे, स्क्रू धरून उभी राहायचे. मधल्या कुठल्याशा शनिवारी आम्ही अहो-जाहो सोडून दिलं. कुणी आधी सोडलं ते आठवत नाही.

मी माझ्या पालींना नावं देत नाही, टबांवर आकडे आहेत. त्याने एकीला नाव दिलं. ती सगळ्यात वयस्क मादी होती. तिच्या आधीच्या घरातला मुलगा आता स्वतः बाप झाला होता. ती एका जागी बसून समोर आलेल्या अळीकडे बराच वेळ बघायची आणि मग खायची की नाही ते ठरवायची.

"थेट आमची मंदामावशी," तो म्हणाला. "तीही अशीच. जेवायला वाढलं तरी आधी पानाकडे बघत बसायची, काय काय चुकलंय ते."

तेव्हापासून ती मंदा झाली. तो येताना विचारायचा, मंदामावशी बऱ्या आहेत ना. आत आला की आधी तिला हातावर घ्यायचा. ती त्याच्या तळहातावर डोळे मिटून बसायची. हाताला ऊब असते म्हणून. हे मी त्याला सांगितलं नाही.

जूनमध्ये रॅक पूर्ण झाला. टबांच्या दोन्ही बाजूंना त्याने चॅनेल बसवले होते, छर्‍यांचे, भारी फर्निचरच्या खणांना असतात तसे. त्याने एका बोटाने टब ढकलला. तो आवाज न करता आत गेला आणि जागेवर थांबला. मग एका बोटाने ओढला. तो तसाच बाहेर आला. देवव्रतने हे तीन-चारदा केलं. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा होता.

मीही एकदा करून बघितलं. म्हणाले, "फार सहज सरकतो."

"सहज सरकायलाच केलाय."

"नाही, म्हणजे भूकंपाचा धक्का बसला तर."

क्राइस्टचर्चमध्ये राहणाऱ्याच्या मनात हे येतंच. इथे उंच कपाट आणलं की ते आधी भिंतीला बांधतात आणि मग त्यात काय ठेवायचं ते बघतात. रॅक बांधायचा हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि त्याने तो भिंतीतल्या लाकडी खांबाला चार पट्ट्यांनी बांधलाही होता. आम्ही ऑकलंडवाले ज्वालामुखीवर झोपतो, आम्हाला असले नखरे नसतात, असं त्या वेळी मला चिडवून झालं होतं.

"रॅक हलणार नाही," तो म्हणाला. "आणि टबांना वजन आहे. वजन असलं की वस्तू जागची सुटत नाही."

हे अर्धंच खरं होतं. वस्तू जागची सुटत नाही, पण भिंत सुटते. भिंत मागे गेली आणि टब होता तिथेच राहिला, तर तो बाहेर आला असाच अर्थ होतो. मी हे मांडायला तोंड उघडलं. तो फडक्याने अ‍ॅल्युमिनियमवरचे आपल्या बोटांचे ठसे पुसत होता आणि काहीतरी गुणगुणत होता. मी म्हणाले, चहा टाकते.

चहा घेताना तो रॅककडे तोंड करून उभा होता. तसाच, मागे न वळता म्हणाला, "माझं गॅरेज रिकामंच असतं. गाडी बाहेरच लावतो मी. असे तीन रॅक मावतील तिथे. इन्सुलेशन आहे, हीटिंगचा खर्चही कमी येईल."

मी कप हातात धरून उभी राहिले. तो गॅरेजबद्दल बोलत नव्हता, हे मलासुद्धा कळलं.

"मला विचार करायला वेळ लागतो," मी म्हणाले.

"लागू दे. मी कुठे मोजतोय," तो म्हणाला.

मी खरोखर विचार केला. अल्बनीला एका विद्यापीठाची शाखा आहे, तिथे प्रयोगशाळा आहेत. पालींना विमानाने न्यायचं तर प्रत्येकीला वेगळा डबा लागेल, इथला जून ते ऑगस्टचा हिवाळा टाळायला हवा, सप्टेंबर बरा. घरमालकाला किती आधी कळवावं लागतं ते बघितलं. एका संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ताट मांडून बघितलं, कसं दिसतं ते. मग मलाच हसू आलं आणि ते उचललं. जुलैच्या तिसऱ्या शनिवारी तो येणार होता. तेव्हा हो म्हणायचं ठरवलं होतं.

त्याच्या आधीच्या बुधवारी धक्का बसला. फार मोठा नव्हता. दुपारी आम्ही सगळे प्रयोगशाळेतल्या टेबलांखाली शिरलो, मांडणीवरच्या काचा वाजल्या, एक बाटली फुटली, आणि थांबलं. नवीन आलेली एक विद्यार्थिनी रडली, बाकीचे फोनवर आकडा बघत होते. इमारत तपासून होईपर्यंत बाहेर उभं राहावं लागलं. मी उभी होते ती मनात एकच चित्र घेऊन. मग सायकलने घरी गेले.

घरात तसं काही पडलं नव्हतं. रॅकही जागच्या जागी ताठ उभा होता, पट्ट्या घट्ट होत्या. वरच्या तीन ओळींमधले खण उघडे होते. काही अर्धे, काही पूर्ण. काही बाहेर येऊन पुन्हा आत गेलेले.

खोलीत तेव्हा बारा अंश असतील. वायरची ऊब सोडली की ही जनावरं एवढ्या गारठ्यात तासाभरात ताठरतात. मी दार बंद केलं, हीटर लावला आणि जमिनीवर पोटावर झोपून शोधायला लागले. पहिली सापडली ती दारामागे काढून ठेवलेल्या माझ्या रबरी चपलेत, पट्ट्याखाली मान घालून. दोन हीटरच्या वायरपाशी होत्या. एक पडदा जिथे जमिनीला टेकतो तिथल्या घडीत होती. एक दाराखालून निघून कपडे धुण्याच्या मशिनमागे गेली होती. तिला ओढताना तिने शेपूट टाकलं. तुटलेलं शेपूट बराच वेळ वळवळत राहिलं आणि ती स्वतः मात्र माझ्या मुठीत गप्प होती. अंधार पडेपर्यंत शोधत होते. दोन सापडल्याच नाहीत, आणि वरून पडलेली एक सापडली ती मेलेली.

मंदाला शोधावं लागलं नव्हतं. ती मला आत आल्याबरोबर दिसली होती. खण बाहेर आला तेव्हा ती कडेवर चढली असावी. इतकी हळू, की तो परत आत जाईपर्यंत तिथेच होती, खण आणि फळीच्या मधे.

त्याचा फोन संध्याकाळी आला. आधी त्याने मी ठीक आहे का विचारलं. मी म्हणाले, ठीक आहे.

"खण उघडले?"

"वरच्या तीन ओळींतले."

"जुन्या रॅकमध्ये उघडले असते?"

हा अगदी योग्य प्रश्न होता. मीही तोच विचारला असता. "नाही," मी म्हणाले.

"मंदामावशी?"

मी सांगितलं, जसं झालं तसं.

"म्हणजे माझ्यामुळे," तो म्हणाला.

"चॅनेलमुळे," मी म्हणाले.

मला वाटलं की मी त्याला सोडवलं. चॅनेल वेगळे आणि तो वेगळा. दोष कशात आहे ते नेमकं सांगितलं, की बाकीचं सगळं दोषातून बाहेर राहतं, असंच मी आजवर काम करत आले. तो म्हणाला, तुम्ही दमला असाल, जेवून घ्या. मधल्या महिन्यांत त्याने मला तुम्ही म्हटलं नव्हतं.

त्या शनिवारी तो आला नाही. कामाचं काहीतरी निघालं, असा मेसेज आला. पुढच्या शनिवारीही नाही. नीताने विचारलं तर मी सांगितलं, चॅनेल चुकले आणि काही पाली गेल्या. ती म्हणाली, "तू त्याला हे अस्संच सांगितलंस?" मी म्हणाले, हो, तसंच झालं होतं. तिने कपाळाला हात लावला आणि मला डब्यात पुरणपोळ्या भरून दिल्या.

ऑगस्टमध्ये कुरियरने खोकं आलं. आत प्रत्येक टबासाठी एक, अशा स्प्रिंगच्या लहान कड्या होत्या. प्रत्येकीची कड घासून गुळगुळीत केलेली, म्हणजे हाताला लागू नये. कुठे भोक पाडायचं, कुठला स्क्रू, कुठल्या क्रमाने, हे सगळं आकृतीसकट लिहिलं होतं. वापरायचं ड्रिल बिटही त्यातच होतं, कारण माझ्याकडे त्या मापाचं नसणार हे त्याने ओळखलं होतं. बाकी त्यात काही नव्हतं. मी खोक्याच्या तळाचा पुठ्ठाही उचलून बघितला.

दोन संध्याकाळी बसून मी कड्या लावल्या. त्या इतक्या बरोबर होत्या की कुठे काही जुळवावं लागलं नाही. सगळ्या लावून झाल्यावर मी रॅकला दोन्ही हातांनी धरून जमेल तेवढा हादरवला, भिंतीसकट. एकही खण हलला नाही. मग मी फोन केला.

त्याने आधी विचारलं की ड्रिल बिट चाललं का. मी म्हणाले, चाललं. त्याने सांगितलं की वर्षाने स्प्रिंग तपासा, गंजल्या तर बदला, जादा पाठवून ठेवतो. मी म्हणाले, बरं. शेपूट टाकलेलीला नवीन यायला लागलंय, हे मी सांगितलं. ते पहिल्यासारखं येत नाही, आखूड आणि गोल येतं, पण चालतं. तो म्हणाला, अच्छा.

मग तो म्हणाला, "म्हणजे आता तिथे माझं काही काम उरलं नाही."

मी मनात रॅकवरून नजर फिरवली. पट्ट्या, वायर, सेन्सर, कड्या. सगळं जागेवर होतं.

"नाही," मी म्हणाले. "सगळं नीट चाललंय."

"बरं झालं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नमुने फिरत असताना सेंट्रिफ्यूजसमोर उभी होते. तिथे काही करायचं नसतं, फक्त थांबायचं असतं. तेव्हा मला कळलं की तो काय विचारत होता. मी हातमोजे काढले आणि बाहेर जिन्यात जाऊन फोन लावला. त्याने तो लगेच उचलला. मागे मोठ्या पंख्याचा आवाज होता. कुठल्यातरी शीतगृहात असावा.

"काल तू विचारलंस, ते रॅकबद्दल नव्हतं ना?"

पंखा चालू राहिला.

"रॅकबद्दलच होतं," तो म्हणाला.

मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. उत्तर मिळालं होतं. मी जिन्याचा कठडा धरला. "मी रॅकबद्दल बोलत नाहीये," मी म्हणाले. "काम काही नाही इथे. तरी ये. मंदाचं वाईट झालं, पण तू ये."

हे बोलताना माझा आवाज मला ओळखू आला नाही. एक विद्यार्थी जिना उतरत होता, तो मान खाली घालून बाजूने गेला.

"बघतो," देवव्रत म्हणाला. त्याने ते अगदी हळू म्हटलं, आणि मला वाटतं, मनापासून म्हटलं. पण मी महाराष्ट्रात वाढले आहे. बघतो म्हणजे काय ते मला माहीत आहे.

त्यानंतर लगेच फोन ठेवणं बरं दिसलं नसतं, म्हणून आम्ही हवेबद्दल बोललो. अल्बनीला दोन दिवस पाऊस होता. इथे ऊन पडलं होतं, पण वारा होता. तो म्हणाला, तिथला वारा म्हणजे कठीणच. मी म्हणाले, हो, दक्षिणेचा, गार आहे, अजून दोन दिवस राहील.